भानगढला जाऊन आले, भूत दिसलं नाही पण ती बाजारपेठ डोक्यातून जात नाहीये

पाऊलखुणा

नमस्कार मंडळी, लिहीन लिहीन म्हणत दोन महिने गेले, आज बसलेच. डिसेंबरात राजस्थानला गेलो होतो, मी, नवरा, सासूबाई आणि माझा कॉलेजातला भाचा. जयपूर वगैरे ठरलेलंच होतं पण भाच्याने हट्ट धरला भानगढ बघायचंच म्हणून, कारण त्याच्या सगळ्या ग्रुपने त्याचे व्हिडिओ बघितलेत. भारतातली सगळ्यात झपाटलेली जागा, रात्री थांबलेला माणूस परत येत नाही, ते सगळं.

सकाळी लवकर निघून पोचलो. हनुमान दरवाज्यातून आत शिरलं की सरळ एक दगडी रस्ता लागतो आणि दोन्ही बाजूंना दुकानांच्या रांगा. छप्पर एकालाही नाही. कमरेइतक्या, कुठे पुरुषभर उंचीच्या भिंती, मधे खांब, दुकानाला चढायच्या पायऱ्या अजून जागेवर. मी खरंच सांगते, मी तिथेच थबकले. एवढी सरळ आखलेली पेठ, एका मापाचे गाळे, म्हणजे कुणीतरी बसून दोरी लावून आखणी केलेली असणार ना. इथे सोनार बसत असेल, इथे कापडवाला, इथे कुणीतरी गुळाची ढेप फोडत असेल असं सारखं डोळ्यांसमोर येत होतं.

पण आमच्या बरोबरचा गाइड काही तिथे थांबेना. त्याला महालाकडे न्यायची घाई. राणी रत्नावती आणि तिच्यावर भाळलेला तांत्रिक, त्याने तिच्या अत्तरावर केलेला मंत्र, तिने ते अत्तर शिळेवर ओतलं, शिळा घरंगळत जाऊन तांत्रिक चिरडला आणि मरताना त्याने शाप दिला की हे गाव उजाड होईल. हे झाल्यावर पाचच मिनिटांत दुसरी गोष्ट, बालूनाथ साधूची. महालाची सावली माझ्या झोपडीवर पडता कामा नये अशी त्याची अट होती, पुढच्या कुणीतरी मजले चढवले, सावली पडली, शाप. मी विचारलं की मग नक्की कुणाच्या शापाने ओस पडलं? तर तो म्हणाला दोन्ही. आमच्या मागचा पोरांचा घोळका मोबाइलवर भूत शोधायचं ॲप लावून कोपऱ्याकोपऱ्यात हात फिरवत होता, आणि गोपीनाथाच्या देवळाचं एवढं सुंदर कोरीवकाम, त्याकडे कुणी मान वर करून बघत नव्हतं.

मला विचारायचंय ते असं की तिथे राहणारी माणसं कुठे गेली हा साधा प्रश्न कुणालाच का पडत नाही? घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की १७८३ च्या दुष्काळानंतर हे गाव कायमचं ओस पडलं. म्हणजे माणसं उपाशी मेली किंवा चालत निघून गेली. आणि आपण तिथे जाऊन अत्तराची गोष्ट ऐकतोय. मला हे फार लागलं. तुम्हाला काय वाटतं?

शिळाप्रेमी

ताई, धाग्याबद्दल आभार. मी दोनदा गेलोय तिथे, दोन्ही वेळा फक्त वास्तू बघायला.

थोडी भर घालतो. भानगढ १५७३ मध्ये आमेरच्या भगवंतदासाने आपल्या धाकट्या मुलासाठी, माधोसिंहासाठी वसवलं. हा माधोसिंह म्हणजे मानसिंहाचा भाऊ, तोच मानसिंह जो १५७६ ला हळदीघाटात अकबराच्या फौजेचा सेनापती होता. म्हणजे हे कुठलं आडबाजूचं खेडं नव्हतं, त्या काळातल्या एका बड्या घराण्याचं ठाणं होतं. माधोसिंहाचा मुलगा छत्रसिंह, तो १६३० मध्ये गेला आणि तिथून उतरण लागली. औरंगजेबानंतर मोगलांचा जोर ओसरला तेव्हा १७२० मध्ये जयसिंहाने जोर लावून ते आपल्या राज्याला जोडून घेतलं. (हा पुरंदरच्या तहातला मिर्झाराजा नव्हे, सवाई जयसिंह, जयपूर वसवणारा.) १७२७ मध्ये जयपूर उभं राहिलं. आता सत्ता तिकडे, दरबार तिकडे, मग सोनार नि कापडवाला कुठे जाईल तुम्हीच सांगा. माझं मत असं की दुष्काळ आला तेव्हा गाव आधीच पोखरलेलं होतं, दुष्काळाने फक्त शेवटचा धक्का दिला. एका रात्रीत काही झालेलं नाही, दीडशे वर्षं ते गाव हळूहळू विझत होतं.

निशाचर

सगळं मान्य आहे हो पण मग सरकारने स्वतः बोर्ड का लावलाय तिथे? पुरातत्त्व खात्याचा बोर्ड आहे, सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर प्रवेश वर्जित म्हणून. उगाच कुणी सरकारी खातं असं लिहीत नाही. आणि तिथल्या कुठल्याच घरावर छप्पर टिकणार नाही असा शाप होता म्हणतात, दुकानांना छप्पर नाही हे तर ताईंनीच लिहिलंय की वर.

शिळाप्रेमी

निशाचर, या बोर्डावर मला जरा सविस्तर लिहायचंच होतं, कारण सगळा डोलारा त्या एका बोर्डावर उभा आहे.

१९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे आणि त्याखाली १९५९ चे नियम आहेत. त्या नियमांत ज्या स्मारकांना वेगळी वेळ ठरवून दिलेली नाही ती सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उघडी असतात. बस, एवढंच. देशातल्या कितीतरी संरक्षित किल्ल्यांवर, लेण्यांवर हीच वेळ लिहिलेली आहे, आपण वाचतो आणि पुढे जातो. भानगढला तेच वाक्य लोकांनी आधीच गोष्ट ऐकून मग वाचलं, त्यामुळे त्याचा अर्थ बदलला. बोर्डावर भूत, शाप, आत्मा असला एकही शब्द नाही, फोटो काढून आणलाय मी, नीट वाचलाय.

रानवाट

आणि रात्री न जाण्याचं एक अगदी जिवंत कारण आहे, ते कुणी बोलत नाही. भानगढ सरिस्काच्या जंगलाला लागून आहे. बिबट्या आहे, तरस आहे. सरिस्कातले वाघ शिकारीमुळे पार संपले होते, २००८ पासून रणथंबोरहून आणून परत सोडले. उजाड भिंती, झाडोरा, पाण्याचं कुंड, म्हणजे जनावराला आडोसा आणि पाणी दोन्ही आयतं. दिवसा माकडं इतकी आहेत, आता माकडं असली की त्यांच्या मागावर कोण येणार ते जंगलात फिरणाऱ्याला सांगावं लागत नाही. मी वनखात्याबरोबर प्राणिगणनेला बसलेलो आहे दोन वेळा (सरिस्कात नाही, आपल्याकडे), रात्री माकडांचा कॉल अचानक उठला ना की अंगावर काटा येतो, आणि ज्याला तो कॉल कशाचा हे माहीत नाही त्याला ती किंकाळीच वाटणार. तिथे "रात्री बायकांच्या किंकाळ्या येतात" म्हणतात ते ऐकून मला पहिलं हेच आठवलं.

निशाचर

बोर्डाचं पटलं, मागे घेतो. पण अनुभवाचं काय? मी स्वतः तिथे संध्याकाळी शेवटच्या अर्ध्या तासात नर्तकींच्या हवेलीत होतो. मित्र पुढे गेले होते, मी एकटा. आत शिरल्यावर छातीवर कुणीतरी हात ठेवल्यासारखं जड झालं, कानात दडा बसला, आणि मागे कुणीतरी आहे ही इतकी पक्की जाणीव की मी वळून बघायची हिंमत केली नाही, सरळ चालत बाहेर आलो. दारू नाही, काही नाही, मी पीत नाही. माझा कुणाला घाबरवायचा हेतू नाही आणि चॅनल वगैरेही नाही माझं. पण ते झालं होतं आणि मी ते विसरलो नाहीये. दुष्काळ खरा असेल तर दुष्काळात मेलेल्यांचं काहीच मागे राहत नसेल हे तरी कशावरून?

कुतूहल

निशाचर, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून मीही तसंच लिहिते. तुम्हाला जे जाणवलं ते जाणवलंच होतं यात मला अजिबात शंका नाही. प्रश्न फक्त ते कशामुळे एवढाच आहे.

ब्रिटनमध्ये हॅम्पटन कोर्ट राजवाडा आणि एडिनबरोतली साउथ ब्रिजखालची तळघरं, या दोन ठिकाणी मानसशास्त्रज्ञांनी शेकडो लोकांना फिरवून कुणाला कुठे काय वाटलं ते लिहून घेतलं होतं, २००३ मध्ये त्याचा निबंध आला. गंमत म्हणजे ज्या जागा झपाटलेल्या म्हणून प्रसिद्ध होत्या तिथेच जास्त लोकांना विचित्र वाटलं, आणि ज्यांना आधी काहीच माहीत नव्हतं त्यांनाही. म्हणजे नुसतं ऐकीव गोष्टींनी होतं असं म्हणून उडवून लावता येत नाही. पण मग त्यांनी त्या जागा मोजल्या तर उजेड किती, खोली केवढी, बाहेरून आत येताना प्रकाश किती बदलतो अशा गोष्टींशी त्या अनुभवांचा मेळ बसत होता. संध्याकाळच्या तिरक्या उन्हातून एकदम अंधाऱ्या दगडी खोलीत शिरलात, एकटे, मागे उघडा दरवाजा, वरून वटवाघळांचा वास. आपलं शरीर अशा ठिकाणी सावध होतं, होणारच, लाखो वर्षं ज्यांचं झालं नाही ते वाचले नाहीत.

दुसरं एक उदाहरण मला फार आवडतं. कॉव्हेंट्रीत एका प्रयोगशाळेत काम करणाऱ्या इंजिनिअरला रात्री कोपऱ्यात राखाडी आकृती दिसायची, घाम फुटायचा. तो तलवारबाजी खेळायचा, दुसऱ्या दिवशी त्याने पातं दुरुस्त करायला शिकंज्यात धरलं तर ते आपोआप थरथरायला लागलं. शोधत गेला तर नवीन बसवलेला एक्झॉस्ट पंखा सेकंदाला साधारण १९ कंपनांचा, कानाला ऐकू न येणारा आवाज काढत होता. पंखा सुधारला, आकृती गेली. १९९८ मध्ये त्याने हे लिहून प्रसिद्ध केलं. आता प्रत्येक जागी हेच असतं असं नाही, नंतरच्या प्रयोगांत त्याला म्हणावं तसं बळ मिळालेलं नाही, पण त्या माणसाने घाबरून पळून न जाता पातं कशाने थरथरतंय हे शोधलं, हे मला मोठं वाटतं.

आणि ते ॲप. मोबाइलमध्ये होकायंत्रासाठी चुंबकीय सेन्सर असतो, लोखंड किंवा वायर जवळ आली की काटा हलतो. फोटोतले ते पांढरे गोळे म्हणजे भिंगाच्या अगदी जवळची धूळ फ्लॅशने उजळते. यात चर्चा करण्यासारखं काही नाही.

साधा_वाचक

+१ कुतूहल. धागा मस्त चाललाय, वाचतोय.

तळकोकणी

मी सहसा लिहीत नाही पण आज राहवेना. माझं वय आता सत्तरीला आलं, बालपण सगळं कोकणात. आमच्याकडे प्रत्येक वहाळाला, प्रत्येक जुन्या पिंपळाला कुणी ना कुणी होतंच. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, वाटेवर चकवा, आणि गावाच्या वेशीवर देवचार. देवचार मात्र राखणदार, त्याला वर्षाची राखण द्यायची.

मला तुमच्या सगळ्या चर्चेत एक गोष्ट सांगाविशी वाटते. आमच्या लहानपणी ज्याला भुताची खरी भीती होती तो त्या जागी जात नव्हता. तिन्हीसांजेला त्या बाजूला फिरकू नको म्हणून आजी सांगायची आणि आम्ही फिरकत नव्हतो. त्यामुळे काय व्हायचं, ती राई तशीच राहायची. तिथलं लाकूड कुणी तोडत नव्हतं, वहाळाच्या डोहात रात्री कुणी उतरत नव्हतं, आणि डोह खरोखर खोल होता, दोन पोरं गेली होती त्यात. भीतीला काम होतं. ती जागेला सांभाळत होती आणि आम्हालाही.

आता हे भूत बघायला म्हणून जातात त्यांची भुतावर श्रद्धा आहे असं मला वाटत नाही बाबांनो. श्रद्धा असती तर गेलेच नसते. ती नुसती धडधड हवी असते. भीतीने जी जागा इतकी वर्षं एकटी राहिली, तिथे आता त्याच भीतीच्या नावाने गर्दी जमते आणि भिंतीवर नावं कोरते. पाऊलखुणा, तुला जे लागलं ते मला हेच वाटतं.

पाऊलखुणा

काकू (काका असाल तर माफ करा), तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, बघ, मी सोमेश्वराला हात जोडून आले ते उगाच नाही. तिथे सोमेश्वराच्या देवळाजवळ झऱ्याचं कुंड आहे, त्या तिथेच बसून होत्या सगळा वेळ, म्हणाल्या जिथे पाणी आहे तिथे वाईट काही नसतं.

भिंतीवर नावं कोरलेली मी पाहिली. महालात वर गेल्यावर फार आहेत. १९५८ च्या त्याच कायद्यात संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे ना? तो बोर्ड मात्र कुणी व्हिडिओत दाखवत नाही.

तळकोकणी

काकूच. सुखी रहा.

निशाचर

काकूंचं वाचून गप्प झालो थोडा. मी त्या दिवशी नियम पाळून बाहेर आलो होतो हे सांगतो, आणि नाव वगैरे कोरलेलं नाही.

पण छपराचा प्रश्न राहिला. सगळ्या घरांची छपरं गेली आणि देवळांची शिखरं जशीच्या तशी, हे कसं? मी तरी याचा अर्थ देवाने आपली जागा राखली असाच घेतो.

सातबारा

या प्रश्नावर मी बोलू शकतो कारण माझं आयुष्य महसूल खात्यात गेलं, निवृत्त आहे.

आपल्याकडे जुन्या दप्तरात एक शब्द असतो, बेचिराग. बे-चिराग, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं गाव. आपण बोलताना बेचिराख म्हणतो आणि आपल्याला राख आठवते, पण मूळ शब्द दिव्याचा आहे. विदर्भात अशा जागांना रिठी म्हणतात. अशी गावं थोडीथोडकी नाहीत, कितीतरी तालुक्यांत आहेत. नाव कागदावर, शिवार कागदावर, माणूस एकही नाही. पटकी, प्लेग, दुष्काळ, पेंढारी, नदीने पात्र बदललं, कारणं हीच फिरून फिरून.

मी अशा जागा मोजणीला जाऊन पाहिल्यात. काय शिल्लक असतं माहितीये? पांढरीच्या मातीचा उंचवटा, खापरं, एखादी बुजलेली विहीर, आणि मारुतीचं किंवा देवीचं देऊळ. देऊळ उभं असतं. का, तर उठून गेलेली माणसं शेजारच्या गावात वसलेली असतात आणि वर्षातून एकदा नारळ घेऊन येतात. येतात तेव्हा पडलेला दगड परत लावतात, पिंपळाचं रोप उपटतात, चुना मारतात. घराकडे कोण बघणार? घराचं वासा-तुळई उपयोगाची असते, ती जाणारा बरोबर नेतो, नाहीतर दुसरा कुणी नेतो. छप्पर गेलं की पाऊस भिंतीत शिरतो, दोन-तीन पिढ्यांत भिंत कमरेवर येते. शिवाय देवळाचं शिखर म्हणजे भरीव दगडावर दगड रचलेला असतो, घराचं छत तसं नसतं. तेव्हा निशाचर साहेब, तुमचं म्हणणं मी अगदी चूक नाही म्हणणार. देवामुळेच ती राहिली, पण ती अशी, माणसांच्या हातांनी.

निशाचर

हे मी कधी असं ऐकलं नव्हतं. बेचिराग शब्दाचं तर अजिबात नाही. धन्यवाद साहेब.

शिळाप्रेमी

सातबारा, या प्रतिसादासाठी धागा सार्थकी लागला माझ्यापुरता.

खडीन

माझं आयडी बघून कळेलच, मी जैसलमेर भागात पाण्याच्या कामासाठी तीन वर्षं होतो म्हणून कुलधराबद्दल लिहितो, तिथे तर भानगढच्या वरताण प्रकार चालू आहे.

कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांचं गाव. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, दिवाण सालिमसिंहाची नजर गावातल्या मुलीवर पडली, आणि पालीवालांच्या ८४ गावांनी एका रात्रीत घरं सोडली, जाताना शाप दिला की इथे परत कुणी वसणार नाही. आता आकडे बघा. ब्रिटिश अधिकारी कर्नल टॉडने १८१५ च्या सुमाराला तिथे २०० घरं आणि ८०० माणसं लिहिली आहेत, आणि त्याच्या आधीपासूनच लोक सोडून जायला लागले होते. १८९० ला तिथे ३७ माणसं होती. एका रात्रीत रिकामं झालेल्या गावात ३७ माणसं कुठून आली? ते गाव आटत गेलं, विहिरी आटत गेल्या तसं. सालिमसिंहाचा जुलूम, कराचा बोजा हे खोटं नाही, पण त्याच्या बरोबरीने पाणी होतं. भूकंपाचीही शक्यता एका अभ्यासात २०१७ मध्ये मांडली गेलीये.

मला राग कशाचा येतो सांगतो. पालीवालांनी त्या वाळवंटात गहू पिकवला. खडीन म्हणतात त्या पद्धतीला. आजूबाजूच्या खडकाळ उतारावरचं पावसाचं पाणी खोलगट जमिनीत उतरवायचं, खाली मातीचा लांब बांध घालायचा, पाणी तिथे साचून जमिनीत मुरतं, मग पाणी ओसरलं की त्या ओलीवर रब्बीचं पीक. पाचशे वर्षांपूर्वीची अक्कल आहे ती आणि अजून कित्येक खडिनांत पीक निघतं, मी उभं पीक पाहिलंय, त्यावर चाललोय. कुलधराला येणाऱ्या बसमधल्या एकाही माणसाला कुणी ते खडीन दाखवत नाही. रात्री गाडीच्या काचेवर लहान मुलांच्या हाताचे ठसे उमटतात हे मात्र सगळ्यांना सांगतात. ज्या लोकांनी वर्षाला जेमतेम पाऊस पडणाऱ्या जागी पेरणी केली त्यांची ओळख काय उरली, तर शाप देणारे.

पाऊलखुणा

तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं, खरंच. शाप देणारे. भानगढच्या त्या माणसांना तर तेवढंही नाव उरलेलं नाही, ते नुसते शापाने मेलेले.

मी तो दुष्काळ अजून वाचला मधल्या काळात. त्याला चालीसा म्हणतात, कारण तो विक्रम संवत् १८४० मध्ये पडला. १७८३-८४. दिल्ली, अवध, पंजाब, राजपुताना, काश्मीरपर्यंत. त्याच्या आधीच्या वर्षी दक्षिणेत पडलेला धरून दोन्ही मिळून १ कोटी १० लाखांपर्यंत माणसं गेली असावीत असा अंदाज मांडलेला आहे. आपल्याकडे दुर्गादेवीचा दुष्काळ म्हटलं की अजून म्हातारी माणसं मान हलवतात ना, तसा तिकडे चालीसा. आणि भानगढच्या दारात उभं राहून मला हा शब्द एकदाही ऐकू आला नाही.

गुलाबीशहर

मी मराठीच पण वीस वर्षं जयपूरला, आणि एका बाजूने थोडं बोलावंसं वाटतंय. गाइडवर सगळा राग काढू नका. त्या भागातल्या पोरांना शेती सोडली तर दुसरं काम नाही. मी एका गाइडला विचारलं होतं, तू माधोसिंहाचं का नाही सांगत, तर तो म्हणाला पहिली दोन वर्षं तेच सांगायचो, लोक मधेच तोडून विचारायचे की भूत कुठे आहे. ऐकणाऱ्याला जे हवं तेच तो देतो. आणि भुताच्या नावाने का होईना माणसं येतात म्हणून रस्ता झाला, नाहीतर एवढ्या लांब चार दगड बघायला कोण येणार होतं?

पण एक दुसरी गोष्ट आहे जी मला जास्त खुपते. याच राजस्थानात बायकांना डाकण ठरवून मारहाण केली, गावाबाहेर काढली असे इतके प्रकार झाले की २०१५ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. विधवा असते, नावावर जमीन असते, कुणाचं तरी मूल आजारी पडतं आणि मग तिचं नाव घेतात. शहरातल्या पाहुण्यांसाठी जे भूत दोन तासांची मजा असते ते खेड्यातल्या एकट्या बाईसाठी मजा नसते. दोन्हींची मुळं एकाच मातीत आहेत असं मला वाटतं, कुणाला पटो न पटो.

कुतूहल

पूर्ण पटलं. आपल्याकडे २०१३ चा जादूटोणा विरोधी कायदा त्याचसाठी आहे. भूत उतरवायच्या नावाखाली दोराने बांधून मारहाण करणं, चटके देणं हा त्यात गुन्हा आहे. त्यासाठी डॉ. दाभोलकरांनी किती वर्षं घालवली आणि शेवटी काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

तळकोकणी

गुलाबीशहर, तुम्ही बोललात ते मला मान्य करावं लागेल. मी भीतीचं काम होतं म्हणाले, पण आमच्या गावातही एका बाईला असंच बोलत होते. तिच्या घरी आम्हा मुलांना जाऊ देत नसत. मी गेले होते एकदा चोरून, तिने मला करवंदं दिली. ती एकटीच वारली. तेव्हा मी दहा वर्षांची होते, आता वाटतं कुणीतरी तिच्याशी बोलायला हवं होतं. राखणदाराची भीती आणि माणसाची भीती यात फरक करायला हवा होता, तो आमच्या लोकांनी नेहमी केला नाही.

रानवाट

(नि:शब्द.)

धनुष्यबाण

विषयाला धरूनच, तामिळनाडूतल्या धनुष्कोडीला गेलंय का कुणी? २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री वादळाने अख्खं गाव गेलं, पांबनहून येणारी पॅसेंजर गाडी शंभराहून जास्त माणसांसकट लाटेखाली गेली. त्यानंतर ते राहायला अयोग्य म्हणून जाहीर केलं, इंग्रजीत घोस्ट टाउन. आता त्या शब्दाचं टीव्हीवाल्यांनी सरळ भुतांचं गाव करून टाकलंय. घोस्ट टाउन म्हणजे नुसतं ओस गाव, सातबारांनी सांगितलेलं बेचिराग. एका चुकीच्या भाषांतराने बुडालेल्या प्रवाशांची भुतं करून टाकली. माझ्या आजोबांच्या वयाची माणसं त्यातून वाचलेली आहेत हो, त्यांना काय वाटत असेल.

साधा_वाचक

बेचिराग हा शब्द रुळला पाहिजे परत. आजपासून मी तरी वापरणार.

निशाचर

मार्चमध्ये परत जायचा विचार आहे भानगढला, या वेळी दिवसा आणि सावकाश. ज्यांनी बघितलंय त्यांनी सांगा, गाइड न घेता काय क्रमाने बघू? हवेलीतही जाणार आहे परत. मला तिथे पुन्हा तसंच वाटलं तर इथे येऊन सांगेन, नाही वाटलं तरी सांगेन.

शिळाप्रेमी

पहाटे पोचा, उन्हं कोवळी असताना पेठेत तासभर द्या. गाळ्यांच्या पायऱ्या बघा, कुठल्या जास्त झिजल्यात ते. मग गोपीनाथ, उंच जोत्यावर आहे, आधी खाली उभं राहून बघा मग चढा. मग सोमेश्वर आणि कुंड. महाल शेवटी. महालाच्या वरच्या मजल्यावरून खाली सगळं गाव एका नजरेत दिसतं, तटबंदी, दरवाजे, पेठेची सरळ रेघ. गाइड मात्र घ्या असं मी म्हणेन, गुलाबीशहर म्हणाले ते बरोबर आहे, फक्त त्याला आधीच सांगा की भूत नको, त्याचे आजोबा-पणजोबा या जागेबद्दल काय सांगायचे ते सांग.

पाऊलखुणा

निशाचर, मार्चमध्ये ऊन फार असेल, पाणी बरोबर ठेवा. आणि हवेलीचं नक्की लिहा, मी वाट बघतेय, मला खरंच ऐकायचंय.

भाच्याला हा सगळा धागा पाठवला होता. त्याने एवढंच विचारलं की मावशी, चालीसात जे चालत निघाले ते कुठे पोचले असतील? आजूबाजूच्या कुठल्या गावात त्यांचे वंशज असतील का, सातबारा म्हणतात तसे नारळ घेऊन येणारे? कुणाला माहीत असेल तर सांगा, त्याला मी उत्तर देईन म्हटलंय.

सातबारा

सोमेश्वराला शिवरात्रीला कोण कोण येतं ते बघायला सांगा त्याला. आणि त्यांना विचारायला सांगा, तुमचं मूळ गाव कुठलं.